एस्टोनियासाठी गाऱ्हाणं

आमच्या हमद टाउनच्या फ्लॅटमध्ये जाड लोकरीचा एक मफलर आहे, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. बहरीनमध्ये लोकरीच्या मफलरचं काय काम, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं, आणि जरा खवचटपणेच. नवऱ्याच्या ऑफिसात एस्टोनियाचा एक इंजिनिअर होता. त्याला इथला उन्हाळा सोसेना म्हणून तो परत गेला आणि जाताना त्यानं हा मफलर नवऱ्याच्या गळ्यात घातला. त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबचा. क्लब म्हणजे जंगलाला लागून एक मैदान, कडेला चार बाकं, आणि मैदानावरचं गवत कापायला या इंजिनिअरचे वडील. तिथल्या लीगच्या उतरंडीत हा क्लब अगदी तळाला होता.

नवऱ्यानं हे प्रकरण नको तितकं मनावर घेतलं. तो पुण्याचा. कॉलेजात गोलकीपर होता, आणि त्याच्या तोंडून ऐकाल तर पुण्यात तेव्हा दुसरा गोलकीपरच नव्हता. शनिवारी संध्याकाळी तो लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, एसी गारठेपर्यंत वाढवायचा आणि मफलर गळ्यात गुंडाळून सोफ्यावर बसायचा. क्लबची कुणी एक बाई मैदानाच्या कुंपणापाशी स्टँडवर फोन लावून मॅच इंटरनेटवर दाखवायची. कॉमेंट्री नाही, काही नाही. वाऱ्याचा आवाज, आणि त्या बाईचं कुत्रं भुंकायचं ते. बघणारे किती आहेत ते कोपऱ्यात दिसायचं. कधी नऊ, कधी अकरा. त्यातले एक आम्ही.

"अरे, इथं खालच्या मैदानावर केरळची पोरं दर शुक्रवारी खेळतात," मी म्हणायचे. "फुकट, डोळ्यांसमोर. ते सोडून हे काय बघत बसतोस?"

"ती चांगली खेळतात गं," तो म्हणायचा. "यांना कुणीतरी बघायला हवं."

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या वर्षी ते इतकं वाईट खेळायचे की मलासुद्धा कळायचं. पण हळूहळू बरे खेळू लागले आणि एका वर्षी चक्क वरच्या लीगमध्ये गेले. नवरा स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आपण वर गेलो!" मी म्हटलं, "आपण कुठं गेलो? आपण राउंडअबाउटच्या बाजूला त्याच फ्लॅटमध्ये बसलोय." पण शिरा केला. त्याच्यासाठी साखर न घालता केला, आणि तसला शिरा कुणालाच आवडत नाही, तो दोघांनी निमूट खाल्ला.

साखर न घालता, कारण नवऱ्याला डायबेटिस. गल्फमध्ये निम्म्या घरांत असतो तसा आमच्याकडेही होता, पाळीव प्राण्यासारखा. गोळ्या चालू, पथ्य अधूनमधून. तो नकाशे तपासायचं काम करायचा. बिल्डिंगच्या ड्रॉइंगवर पेन्सिलीची टोकदार बारीक खूण करायची त्याला हौस. एक दिवस ऑफिसातून लवकर आला आणि म्हणाला, "आज सगळ्या रेघांवर कोळ्याची जाळी होती." मला वाटलं, ऑफिसात साफसफाई नीट होत नसेल. खरंच असं वाटलं मला.

मग डॉक्टर, तपासण्या, लेझर, डोळ्यांत इंजेक्शनं. डॉक्टर इजिप्तचा, मोठा प्रेमळ माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी इंशाल्ला. पुढच्या महिन्यात बघू, इंशाल्ला. सूज उतरेल, इंशाल्ला. मी त्या शब्दाला लटकूनच घरी यायचे. आधी डावा डोळा गेला, मग उजव्यातलं मधलं सगळं गेलं, फक्त कडेकडेनं थोडं राहिलं. नोकरी सुटली. गाडी मी चालवू लागले. पूर्वी शनिवारी सकाळी बुदैयाला जाऊन तो शेतातली ताजी भाजी आणायचा, पालक उचलून नाकाशी धरायचा. आता मी भाजी दाखवायची आणि तो नुसता वास घ्यायचा. दुकानदार बघायचा आणि मी भाव करायचं सोडून घाईघाईनं पैसे द्यायचे.

फुटबॉलचं काय करायचं हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. त्यालाच सुचला. मार्चमध्ये तिथला सीझन सुरू झाला तेव्हा तो सोफ्यावर मफलर घालून बसला आणि म्हणाला, "तू सांग."

"काय सांगू?"

"दिसतंय ते सांग."

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी कणकवलीकडची. आमच्याकडं दशावतार कळतो, क्रिकेट कळतं. पण बसले. एका टकल्या माणसाला टकला म्हणू लागले, केसांचा अंबाडा बांधणाऱ्याला अंबाडा, आणि गोलकीपरला गोलकीपर, कारण तो हलतच नसे.

"टकल्यानं बॉल घेतला. पळतोय. पळतोय. पाडलं त्याला. उठला. पँट झटकतोय."

"अगं, बॉल कुठंय?"

"बॉल... थांब हं. बॉल दिसत नाही. कुत्रं दिसतंय."

तो असा हसायचा की मलाही हसू यायचं. कडेनं त्याला टीव्हीवर काहीतरी उजळ हलतंय एवढं कळायचं. उन्हाळ्यात त्यांचं आणि आमचं घड्याळ अगदी एक असतं. संध्याकाळी सातला आमच्याकडं बाहेर अंधार पडलेला आणि तिथं लख्ख ऊन, झाडांच्या सावल्या मैदानावर लांबच लांब. मॅच सुरू झाली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "उजेड आहे का गं तिथं?" मी म्हणायचे, "आहे." मग तो मागं टेकून बसायचा. खोलीचे दिवे मी मुद्दाम घालवून टाकायचे, म्हणजे तेवढा एक चौकोन त्याला बरा दिसायचा.

आमच्या गावच्या ग्रामदेवतेची जत्रा कार्तिकानंतर येते. त्या दिवशी देवळात गुरव सगळ्या लेकीसुनांचं, मुंबईला आणि परदेशात असलेल्यांचं गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्यानं, लोकांच्या साक्षीनं आपलं मागणं मांडायचं. गुरव बोलतो आणि जमलेली मंडळी प्रत्येक ओळीला "व्हय म्हाराजा" म्हणतात. एका घरानं एका जत्रेला एकच मागायचं असा आमच्याकडं दंडक आहे. चार गोष्टी मागितल्या तर देव कुठलीच मनावर घेत नाही म्हणे. मी इथं असल्यामुळं माझा भाऊ देवळातून व्हिडिओ कॉल लावतो आणि फोन गुरवाच्या तोंडासमोर धरतो. नवऱ्याला या सगळ्याची भारी गंमत वाटायची. लग्नानंतर पहिल्या जत्रेला तो देवळात खुदकन हसला होता आणि माझ्या आईनं वर्षभर ते लक्षात ठेवलं होतं.

त्या वर्षी काय मागायचं हे विचारायची गरजच नव्हती. आठ दिवस आधी मी मनामाच्या बाजारात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत जाऊन चांगला भरलेला नारळ आणला होता. अंघोळ करून नवी साडी नेसले. फोन लागला. पलीकडं ढोल, घंटा, माणसांची गर्दी. गुरव म्हातारा, त्याला कमी ऐकू येतं.

"बोला जावयबापू," तो फोनमध्ये ओरडला. "औंदा काय मागूचा आसा?"

आमच्याकडं जावयाचा मान मोठा. मी शेजारी उभी असताना त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं. मी तोंड उघडणार तोच नवऱ्यानं हात पुढं करून फोन चाचपला आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाला, "आमचा एक फुटबॉलचा क्लब आहे. एस्टोनियात. तो वरच्या लीगमध्ये जाऊ दे."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. गुरवानं भावाकडं बघितलं. भावानं कॅमेऱ्याकडं बघितलं. पण देवळात शंभर माणसं उभी, पुढची घरं ताटकळलेली. गुरवानं नारळ उचलला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या ह्या लेकीच्या घोवान सातासमुद्रापलीकडसून तुका हाक मारल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंचो जो काय फुटबॉलचो क्लब आसा, जय खय आसात थय, तेका वर चढव, आणि आडवो येयत तेका सरळ कर!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. एकच मागायचं होतं, ते मागून झालं.

मी त्याच्याशी बोलले नाही. किती दिवस ते मोजलं नाही, पण नाताळची सुट्टी तशीच गेली. कॅनडातून लेकीनं फोन केला, "आई, व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "बाबांना विचार." तो सांगायचा, "काही नाही गं, आईचा देव आणि माझा क्लब." मला इतका संताप यायचा की भांडी आपटत घासायचे. ज्या देवानं माझ्या आज्याला सापाच्या विषातून उठवलं असं लहानपणापासून ऐकलं, त्याच्याकडं याच्यासाठी काहीतरी मागायची एक वेळ आली होती आणि यानं ती अंबाड्यावर आणि टकल्यावर उधळली.

मार्च आला तशी मी पुन्हा सोफ्यावर बसले. न बसून काय करणार? त्या वर्षी क्लब जिंकत सुटला. टकला कॉर्नरवर डोक्यानं गोल करू लागला. मलाही आता ऑफसाइड कळू लागलं होतं. पण त्यांचं जिंकणं मला नको वाटायचं. प्रत्येक गोल म्हणजे देव ऐकतोय, आणि ऐकतोय ते भलतंच. नवऱ्याच्या नजरेला मात्र महिन्यागणिक ओहोटी. आधी तो टीव्हीच्या चौकोनात कुणी हललं तर सांगायचा. नंतर नुसता उजेड.

शेवटच्या मॅचला तिथं पाऊस होता. मैदानाचा चिखल झालेला. अंबाड्यानं शेवटी शेवटी गोल घातला आणि सगळे त्याच्या अंगावर पडले. बाई फोन सोडून मैदानात धावली असावी, कारण पडद्यावर नुसतं कुत्र्याचं तोंड आलं. नवऱ्यानं ऐकूनच ओळखलं. "गेले ना वर? गेले ना?" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या डोळ्यांतून, जे कशालाच उपयोगाचे राहिले नव्हते.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "गेले! देवानं ऐकलं तुझं! डोळे मागितले असतेस तर डोळे मिळाले असते! एवढं साधं सुचलं नाही तुला?"

तो मफलरची झालर बोटांत फिरवू लागला.

"मागच्या जत्रेच्या आधी आपण डॉक्टरकडं गेलो होतो, आठवतं?" तो म्हणाला. "तू बिलाच्या काउंटरवर होतीस."

"मग?"

"त्यानं तपासलं. बराच वेळ तपासलं. मग म्हणाला, सहा महिन्यांनी या. तेवढंच. इंशाल्ला म्हणाला नाही."

मी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाला नाही. मी दारापर्यंत थांबलो, वाटलं आता म्हणेल. नाही म्हणाला." मग जरा हसून म्हणाला, "तू एवढा नारळ निवडून आणलास. जे व्हायचंच नाही ते मागून तुझ्या देवाला लोकांपुढं कशाला खोटं पाडायचं? म्हटलं, होण्यासारखं काहीतरी मागू."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. एवढंच मला करता आलं.

त्यानंतरच्या जत्रेला नवस फेडला. भावानं देवळाच्या दाराला नारळांचं तोरण बांधलं. आणि गुरवानं विचारायच्या आतच मी फोन हातात घट्ट धरून सांगून टाकलं, "यांचे डोळे." मला माहीत होतं. तरी सांगितलं. नवरा शेजारच्या खोलीत होता, त्यानं ऐकलं असणार. गुरवानं फार जीव लावून गाऱ्हाणं घातलं, मंडळींचा आवाजही त्या दिवशी मोठा लागला. मी रोज सकाळी त्याला चहा देताना चेहऱ्याकडं बघायचे, काही फरक पडलाय का. मूर्खासारखी कप जरा बाजूला धरून बघायचे, हात बरोबर येतो का. हात कपाच्या कडेला लागून थांबायचा.

मार्चमध्ये नवा सीझन. वरची लीग. मी लॅपटॉप जोडला, दिवे घालवले, एसी वाढवला. नेहमीच्या ठिकाणी काहीच नव्हतं. शोधत गेले तर कळलं की या लीगच्या मॅच आता तिथलं एक टीव्ही चॅनेल दाखवतं. तिथं गेले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तुमच्या देशात हे उपलब्ध नाही.

"सुरू झालं का?" त्यानं विचारलं. "उजेड आहे का?"

मी ओळ वाचून दाखवली.

लेकीला फोन केला. तिनं तिकडं बसून व्हीपीएन की काय ते लावून बघितलं. मग ते चॅनेल एस्टोनियाचा मोबाईल नंबर मागू लागलं. एस्टोनियाच्या त्या इंजिनिअरला मेसेज केला, त्याला एकच टिक आली आणि तशीच राहिली. ती कुत्र्यावाली बाई काही क्लबच्या पेजवर नव्हती. मी क्लबला मेल पाठवला, आम्ही बहरीनहून इतकी वर्षं तुमच्या मॅच बघतो वगैरे. उत्तर आलं, छापील. आपल्या पाठिंब्याबद्दल आभार, सीझनचं तिकीट इथं मिळेल.

पेजवर नव्या संघाचा फोटो होता. मी मोठा करून प्रत्येक चेहरा बघितला.

"टकला?" त्यानं विचारलं.

"नाहीये."

"अंबाडा तरी?"

"सगळे नवीन आहेत रे. दोघेतिघे आफ्रिकेचे दिसतात. जर्सीवर जाहिरात आलीय."

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "वर जायचं तर माणसं बदलावी लागतात." त्यानं मफलर काढला, नीट घडी घातली, पण घडी तिरकी पडली आणि मी ती सरळ केली नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही नुसते आकडे ऐकत बसायचो. एका वेबसाइटवर स्कोअर बदलतो तेवढा दिसायचा. मी वाचायचे, "शून्य-शून्य." थोड्या वेळानं, "शून्य-शून्य." त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. कोण पळतंय, कोण पडलंय, मला कुठं दिसत होतं? मॅचपुरते आम्ही दोघं सारखेच आंधळे. जुलैत एकदा दुपारी तो बाल्कनीत उभा होता, बहरीनचं दुपारचं ऊन, जे डोळे मिटले तरी पापण्यांतून आत घुसतं. आत येऊन त्यानं विचारलं, "ढग आलेत का?" तेव्हा मला कळलं की आता उजेडही गेला.

क्लब हरत होता. वरच्या लीगमध्ये त्यांना सगळेच तुडवत होते, पण नेमका शेवटच्या आठवड्यात कसाबसा टिकला. मी तो आकडा वाचला तेव्हा नवरा म्हणाला, "टिकले? बरं." नुसतं "बरं" असं त्यानं त्या क्लबबद्दल कधीच म्हटलं नव्हतं.

मग जत्रा आली. नारळ आणला, पण या वेळी कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, बघून न घेता. साडीही रोजचीच. फोन लागला. ढोल, घंटा. गुरव आणखी म्हातारा झालेला, त्याचा मुलगा त्याला दंडाला धरून उभा.

"बोल गो बाये," तो म्हणाला. "औंदा काय मागूचा?"

नवरा शेजारी बसला होता. त्यानं मफलर घातला होता, का ते त्यालाच माहीत. डोळे हा शब्द माझ्या जिभेवर होता. दोन वर्षं तो तिथंच होता, झोपेतसुद्धा. मी गुरवाच्या तोंडाकडं बघितलं, त्याच्या मागं उभ्या असलेल्या त्या सगळ्या गावाकडं बघितलं. ती माणसं पुन्हा तेवढ्याच जिवानं ओरडणार होती आणि सकाळी चहाचा कप मी पुन्हा बाजूला धरून बघणार होते. ते आता माझ्यानं होण्यासारखं नव्हतं.

"तो क्लब," मी म्हटलं. "एस्टोनियाचा. तो खाली येऊ दे."

"गे ताई, बरी आसस मां?" भाऊ म्हणाला. "मागे वर घातलो, आता खाली कित्याक?"

"खाली येऊ दे," मी म्हटलं. "पूर्वी होता तिथं. त्या कुत्र्यावाल्या बाईपाशी."

गुरवाला किती कळलं देव जाणे. त्यानं मान हलवली आणि नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकीचो क्लब वाट चुकान वर गेलो हा! तेका हळूच खाली उतरव, आणि जय होतो थय नेऊन घाल!"

"व्हय म्हाराजा!" पलीकडं सगळं गाव ओरडलं.

नवऱ्यानं चेहरा माझ्याकडं वळवला. थोडा चुकलाच, खिडकीकडं वळला. आणि लग्नाला इतकी वर्षं होऊन आयुष्यात पहिल्यांदा तोही हळूच म्हणाला, "व्हय म्हाराजा."